मुदत ठेव मोडून नासो टँग घ्यावा का?

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका शिक्षक वाचकांनी विचारले आहे: “आम्हा पती-पत्नींचे मिळून दरमहा ९०,००० रुपये हाती येतात. घरकर्जाचा हप्ता २४,००० आणि घरखर्च ५४,००० आहे. ५ लाखांच्या ठेवीतून ३ लाख काढून सहा फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आणि नासो टँग मासा घ्यावा का? खर्चाच्या यादीत टाकीसाठी दरमहा २,००० धरले आहेत.”

ही ठेव आत्ता मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून आपल्याला महिन्याला ७८,००० रुपये लागतात, म्हणजे सहा महिन्यांची तरतूद ४,६८,००० रुपयांची होते. आपण जिला शिल्लक समजता ती ठेव हाच आपला आकस्मिक निधी आहे. त्यातले ३ लाख गेले तर उरलेली रक्कम जेमतेम अडीच महिने पुरेल.

मात्र मला अधिक काळजी वाटते ती पुढच्या खर्चाची. नासो टँग हा समुद्री शेवाळ खाणारा आणि दिवसभर पोहत राहणारा मासा आहे. दुकानात वीतभर दिसला तरी तो सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फुटापर्यंत वाढतो. दोन फूट रुंदीच्या टाकीत एवढ्या माशाला वळणेही अवघड होते, त्यामुळे काही वर्षांनी आठ फुटी टाकी घ्यावी लागेल, आणि हा दुसरा मोठा खर्च आपल्या यादीत नाही.

दरमहाचा हिशेबही आपण कमी धरला आहे. ६ × २ × २ फुटांच्या टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. लिटरला ३५ ग्रॅम याप्रमाणे पहिल्या भरणीलाच जवळपास २४ किलो समुद्री मीठ लागेल, आणि दरमहा पाचवा हिस्सा पाणी बदलल्यास पावणेपाच किलो. पंप आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारे यंत्र) मिळून २०० वॉट अखंड चालले तर महिन्याला १४४ युनिट होतात. उन्हाळ्यात पाणी २५-२६ अंशांवर राखण्यासाठी ५०० वॉटचा चिलर रोज बारा तास चालला तर आणखी १८० युनिट, आणि बिल वरच्या स्लॅबमध्ये जाईल. दिवे, खाद्य आणि पाण्याच्या चाचण्या धरून माझा अंदाज महिना ७,००० रुपयांचा आहे. आपण २,००० लिहिले आहेत, आणि आपली मासिक शिल्लक १२,००० आहे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव आपल्या शहराला आहेच. पाणी आपल्या घरापर्यंत आले नाही तरी वीज जाऊ शकते, आणि पंप बंद पडले की पाण्यातला प्राणवायू काही तासांतच घटू लागतो. त्यामुळे इन्व्हर्टरची तरतूद पहिल्याच दिवशी हवी. आपले घर वरच्या मजल्यावर असेल तर पाणी, काच आणि खडक मिळून टनाच्या आसपास जाणारे वजन स्लॅबला पेलेल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्या.

माझा सल्ला असा, की ठेवीला हात न लावता दरमहा ७,००० रुपयांची आवर्ती ठेव वर्षभर चालवावी. हप्ता न चुकता गेला तर टाकीचा मासिक खर्च आपल्याला झेपतो हे कळेल आणि व्याज वगळूनही ८४,००० रुपये जमतील. तेवढ्या रकमेत नासो टँगचे घर होणार नाही. पण चार फुटी टाकी आणि शेवाळ खाणारा, वीतभरच वाढणारा लॉनमोवर ब्लेनी मासा यांचा विचार तेव्हा जरूर करता येईल. हप्ते मध्येच थांबवावे लागले, तर मला पुन्हा लिहा. आधी घरखर्चाची यादी पाहू.