लाजवंती परत येते, मग दुःख कशाचे?

प्रश्न : राजिंदरसिंह बेदी यांची ‘लाजवंती’ ही फाळणीवरील कथा नुकतीच वाचली. दंगलीत पळवून नेलेली बायको परत आल्यावर सुंदरलाल तिला मानाने घरात घेतो, पूर्वीची मारझोडही सोडून देतो, तरीही कथा संपताना मन खिन्न होते. असे का व्हावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सुंदरलाल वाईट माणूस नाही. अशा स्त्रियांना मनात जागा द्या, हे सांगण्यासाठी तो प्रभातफेऱ्या काढतो आणि सीतात्यागाचा दाखला देणाऱ्यांशी वादही घालतो. मात्र लाजवंती घरी आल्यावर तो तिला ‘देवी’ म्हणू लागतो आणि ती घडलेले सांगू पाहते, तेव्हा झाले गेले विसरून जाऊ म्हणत तिला गप्प करतो. तिला पुन्हा व्हायचे असते ती गाजरावरून भांडणारी आणि मुळ्यावर समजूत पटणारी जुनी लाजो. पण देवीशी कोण भांडणार? नवऱ्याच्या हातचा मारही तिला आपुलकीचा आठवावा, हा बेदींचा सर्वांत बोचरा तपशील आहे.

सरकारी व्यवहारही याहून फार वेगळा नव्हता. अपहृत व्यक्तींच्या सुटकेसाठी भारताने १९४९ मध्ये जो कायदा केला, त्याच्या व्याख्येत सोळा वर्षांखालील मुलगे आणि कोणत्याही वयाच्या स्त्रिया एकत्र बसवल्या होत्या. म्हणजे चाळिशीतल्या बाईनेही कुठे राहायचे, हे तिच्या मर्जीवर सोडलेले नव्हते.

यानंतर अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ ही कादंबरी जरूर वाचावी. तिच्यातील पूरोला रशीद पळवतो तो फाळणीच्या बऱ्याच आधी, दोन घराण्यांच्या जुन्या वैरातून. आणि ती कशीबशी निसटून रात्री माहेरी पोहोचते, तेव्हा जन्मदाते आईबापच तिला परत पाठवतात. पुढे फाळणीत तिची भावजय लाजो पळवली जाते, तेव्हा पूरोच तिला सोडवून आणते आणि या वेळी तिचा भाऊ लाजोला विनातक्रार स्वीकारतो. त्या काळात हजारो घरांवर तीच पाळी आलेली असल्यामुळे, एकट्या पूरोच्या बाबतीत जी नाचक्की ठरली होती, ती आता राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न झाली होती. भाऊ पूरोलाही सोबत चल म्हणतो, पण ती पाकिस्तानातच राहते. तिच्या नकाराला रशीदबद्दलची माया म्हणावे की माहेरावरचा राग, याबाबत समीक्षकांत एकमत नाही; मला तरी त्यात दोन्ही दिसतात.