फिल्म स्कूल न करता, लग्नाच्या शूटिंगमधून शॉर्ट फिल्म आणि म्युझिक व्हिडिओच्या दिग्दर्शनात येता येतं का?

येतं. मी तसाच आलोय. उरण-पनवेल पट्ट्यात हळदी, साखरपुडे, लग्नं शूट करायचो. आता आगरी-कोळी गाण्यांचे व्हिडिओ करतो आणि त्यातून सुटलेल्या पैशांत अधूनमधून शॉर्ट फिल्म. पण "लग्नाच्या शूटिंगने नजर बिघडते असं सगळे म्हणतात" हे तुमचं वाक्य वाचून डोकं सटकलं, म्हणून लिहायला बसलो.

हे सगळे म्हणजे कोण? मला हे ऐकवणारा एक डिप्लोमावाला कॅमेरामन होता. मी एडिट केलेला हळदीचा डान्स बघून एका गायकाने आपलं गाणं माझ्याकडे दिलं, पण निर्मात्याला धीर होईना, म्हणून त्याने याला माझ्या डोक्यावर आणून बसवलं. गायकाला अंतऱ्यात स्लो मोशन हवं आणि ओठही गाण्याला जुळायला हवेत. कॅमेरामन साहेब म्हणाले, जमणार नाही, पाठमोरे शॉट घेऊ. मी डीजेवाल्या मित्राकडून गाणं दुप्पट स्पीडने करून मागवलं आणि कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेमवर टाकला. स्पीकरमधून चिरका आवाज, गायक भराभर तोंड हलवतोय, मागच्या नाचणाऱ्या पोरी हसून बेजार. एडिटला तेच 25 वर चालवलं, तर ओढणी सावकाश उडतेय आणि ओठ शब्दाला शब्द बसलेत. युक्ती जुनीच आहे, माझी नाही. पण वरातींवर असले उद्योग मी करून बसलो होतो, त्याने नव्हते.

आणि नजर म्हणाल, तर शेवटचं 'सावधान' झालं की अंतरपाट निघतो. तिथे रीटेक नाही. त्या क्षणी नवरीकडे बघायचं की तिच्या आईकडे, हे आधी ठरवावं लागतं. मला तरी यालाच दिग्दर्शन म्हणतात असं वाटतं.

पुण्यातली एफटीआयआय, म्हणजे सरकारी फिल्म स्कूल, 1960 साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. त्या प्रभातचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल कुठल्या फिल्म स्कूलला गेले होते? मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले.

आता, कोर्स करूच नका असं मी म्हणत नाही. नागराज मंजुळेंचं नाव लोक फार पुढे करतात, पण राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला त्यांची 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म नगरला कम्युनिकेशनचा कोर्स करत असताना केलेली आहे. शिवाय लग्नवाल्यांचा साऊंड कच्चा असतो, कारण आपण सगळ्यावर गाणं चढवतो. शॉर्ट फिल्ममध्ये ते उघडं पडतं, तेवढं कुणाकडून तरी शिकून घ्या. घरचं चालतंय तोवर लग्नंही सोडू नका.

आणि क्रेडिटचं आधी लिहून घ्या. त्या गाण्यात माझ्या नावापुढे 'कॅमेरा सहाय्य' टाकलंय. व्हिडिओ अजून यूट्यूबवर आहे, दिग्दर्शक म्हणून नाव त्या साहेबांचं.