'पायस', 'इमल्शन' आणि मिळून येणं

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतून आला आहे. दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एक वाचक टूथपेस्टचं माहितीपत्रक मराठीत करताहेत. मुद्दा एवढाच, की या पेस्टमधल्या इमल्शनमध्ये, म्हणजे तेल-पाण्याच्या दुधाळ मिश्रणात, धातूंचे क्षार आहेत आणि तरीही ते टिकतं. त्यांना कुणीतरी 'धातु-लवण-वाहक स्थिरीकृत पायस' असं करून दिलं. त्यांनी ते आईला वाचून दाखवलं, तर आई म्हणाल्या, "खीर हाय व्हय ही?" आता विचारतात, चुकलं कुठे?

आईंचं काही चुकलेलं नाही. पायस म्हटलं की आपल्यापुढे वाटी येते; दशरथाच्या यज्ञातून निघालं ते पायस. पण परिभाषावाल्यांनी शब्द उगाच उचललेला नाही. 'पयस्' म्हणजे दूध आणि पायस म्हणजे दुधाचं. इमल्शनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'एमुल्गेरे'चा अर्थही धार काढणे असाच. बदाम वाटून पिळले की जे पांढरं पाणी निघतं, त्याला युरोपातले औषध करणारे इमल्शन म्हणत. म्हणजे दोन्ही शब्द गोठ्यातूनच आले. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात घेतात ना, ते अस्सल इमल्शन: पाण्यात स्निग्धाचे बारीक कण आणि प्रत्येक कणाभोवती एक पातळ आवरण. तेच दूध रात्रभर ठेवलं तर कण वर येतात आणि मलई धरते.

व्युत्पत्ती चोख असली तरी खीर आडवी येते, त्याला इलाज नाही. 'गिळू नये' असं खाली छापायचं आणि वर 'पायस' म्हणायचं, हे काही बरं दिसत नाही. 'दुधी द्रावण' तर नकोच, कारण द्रावणात मीठ विरघळून दिसेनासं होतं, इथे तेल विरघळलेलं नसतं. 'इमल्शन' म्हटलं की लोकांना घराचा रंग आठवतो ("हॉलला इमल्शन मारूया, मागच्या खोलीला डिस्टेंपर चालतंय"), पण तो गोंधळ निरुपद्रवी आहे. इमल्शनच ठेवा.

'लवण' हिंदीतून आलेलं दिसतं. मराठी शाळेत आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकवतात. सॉल्ट म्हणजे क्षार. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, म्हणून सॉल्टला ते लवण म्हणतात. हिंदी पत्रक पुढ्यात ठेवून मराठी करणारा इथे हमखास अडखळतो. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरे डाग पडले की आपण 'पाण्यात क्षार आहेत' म्हणतोच, तसं 'जस्ताचे क्षार' लिहावं. 'वाहक' तर सरळ काढून टाका. पेस्ट म्हणजे काही हमाल नव्हे.

खरा घोटाळा 'स्थिरीकृत'मध्ये आहे. स्थिर म्हणजे न हलणारं. इमल्शन हललं तर हलू दे, फुटता कामा नये. आणि या गोष्टीला आपल्याकडे आयता शब्द आहे, फक्त तो प्रयोगशाळेत नाही, चुलीपाशी आहे.

माझी आत्या पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध अगदी शेवटी घालायची, आच बारीक करायची आणि पळी माझ्या हातात द्यायची. "ढवळत ऱ्हा. खळाखळा उकळी आली की फुटलं बघ." एकदा मी रेडिओवरच्या क्रिकेटला कान लावून उभा राहिलो आणि ते फुटलंच. वर तेलाचे डोळे, खाली पिठूळ कण, मधे नुसतं पाणी. आत्यानं पळी वर धरून धार सोडली, पाहिली आणि म्हणाली, "ह्यो काय मिळून आला न्हाई." बास! इमल्शन जमलं म्हणजे मिळून आलं, बिघडलं म्हणजे फुटलं. गंमत म्हणजे त्याच ताटात तांबड्याच्या वाटीवर कट वेगळा तरंगलाच पाहिजे. तो मिळून आला तर पाहुणे नाक मुरडतात.

आता धातूंच्या क्षारांमुळे ते का फुटतं, हे कळल्याशिवाय शब्दाचं वजन कळणार नाही. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ झालं की जुन्या घरांत घागरीत तुरटी फिरवायचे. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा धन भार तिहेरी. तो आला की ढकलाढकल संपते, कण गोळा होऊन तळाशी बसतात आणि पाणी निवळतं. भार वाढला की हा जोर भलताच वाढतो: सिद्धांताच्या हिशेबाने दुहेरी भाराचा आयन (भार असलेला कण) एकेरीच्या ६४ पट, तिहेरी भाराचा ७२९ पट. टूथपेस्टमधलं जस्त आणि कथिल दुहेरी भाराचे. तेलाचे थेंब ऋण भाराच्या जोरावर सुटे राहिले असतील, तर हे पाहुणे घरात आले की तुरटीचंच काम करणार. म्हणून थेंबांभोवती भार नसलेला इमल्सिफायर (तेल-पाणी जुळवून ठेवणारा पदार्थ) वापरतात, डिंकासारख्या पदार्थाने पाणी दाट करतात आणि धातूला सिट्रेट किंवा ग्लुकोनेटने धरून ठेवतात. पाणी निवळायला जो गुण हवा, तोच इथे नको. (तुरटीला नाव पडलं ते तुरट चवीवरून, जस्ताच्या क्षारांची चवही तशीच, त्यामुळे पेस्टवाल्यांना चवीचंही सांभाळावं लागतं. तरी जस्त हवंच, कारण तोंडाला वास आणणाऱ्या गंधकाच्या संयुगांना ते बांधून ठेवतं.)

एका ठिकाणी मात्र मराठीचा हट्ट धरू नका. 'स्टॅनस फ्लोराइड'चं 'कथिलाचं फ्लोराइड' केलंत तर कल्हईवाल्याची भट्टी आणि नवसागराचा धूर आठवून मला बरं वाटेल, पण अर्थ निसटेल. कथिलाची दोन रूपं आहेत, स्टॅनस आणि स्टॅनिक. अमेरिकेत १९५० च्या दशकात टूथपेस्टमध्ये आलं ते स्टॅनस. हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं स्टॅनिक होतं आणि गुण जातो; ते होऊ न देणं हाही 'टिकण्या'चाच भाग. नुसतं 'कथिल' म्हटल्यावर हा फरक दिसत नाही.

तर वाक्य असं करून पाहा: 'या पेस्टच्या इमल्शनमध्ये स्टॅनस फ्लोराइड आणि जस्ताचे क्षार आहेत, तरीही ते फुटत नाही, ट्यूब संपेपर्यंत मिळून राहतं.'

तुमच्या सरांना 'मिळून राहतं' फार घरगुती वाटलं तर 'एकजीव राहतं' म्हणतील. चालेल, पण माझं मत पहिल्यालाच. एकजीव होतं ते मळलेलं पीठ. इथे तेलाचे थेंब शेवटपर्यंत वेगळेच असतात, फक्त एकमेकांत मिसळून एक होत नाहीत आणि पाण्याची साथ सोडत नाहीत.