कार्ड बसले, आता डिस्क ‘इनिशियलाइज’ करू का?

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या वडिलांनी इंदुरातील गणेशोत्सवात झालेली व्याख्याने, कीर्तने आणि घरगुती गाण्याच्या बैठका कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. गेली चार वर्षे मी त्या संगणकावर उतरवून घेत आहे. माझ्या मदरबोर्डवरील साटाचे, म्हणजे डिस्क जोडण्याचे, चारही पोर्ट भरल्यामुळे मी मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारे, असे आणखी चार पोर्ट देणारे पीसीआय एक्सप्रेस कार्ड आणून बसवले, आणि ज्या 4 टेराबाइटच्या डिस्कवर ही सारी ध्वनिमुद्रणे आहेत ती यूएसबीच्या डबीतून काढून या कार्डाला जोडली. आता विंडोज ती डिस्क ‘इनिशियलाइज’ करण्यास सांगत आहे. मी अजून काहीही दाबलेले नाही. कार्ड सदोष आहे का, की बसवताना माझे काही चुकले? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण काही दाबले नाही, हे फार चांगले केलेत. ती सूचना ‘कॅन्सल’ करा, संगणक रीतसर बंद करा, डिस्क सोडवून पुन्हा त्याच डबीत बसवा आणि यूएसबीने जोडा. बहुतेक आपल्या सर्व फायली जागच्या जागी दिसतील.

कार्डाला दोष देण्याचे कारण नाही. डिस्क विंडोजपर्यंत पोहोचली म्हणूनच ती सूचना आली. अडचण डबीतल्या छोट्या सर्किटाची असावी. डिस्कवरील जागा ‘सेक्टर’ नावाच्या ठराविक मापाच्या कप्प्यांत मोजली जाते. बहुसंख्य डिस्का संगणकाला 512 बाइटांचे सेक्टर दाखवतात. डिस्कचा कोणता भाग कोठे सुरू होतो याची नोंद विभाजन-तक्त्यात असते. मात्र जुन्या पद्धतीच्या तक्त्यात, म्हणजे एमबीआरमध्ये, अशा सेक्टरांनी सुमारे 2.2 टेराबाइटच्या पुढे मोजता येत नाही. जुन्या विंडोज एक्सपीवरही मोठी डिस्क चालावी म्हणून काही डब्या आठ-आठ सेक्टरांचा एक गट करून तो 4096 बाइटांचा एकच सेक्टर असल्याचे संगणकाला सांगतात. आपल्या डिस्कचा तक्ता या मापाने लिहिला गेला असेल, तर डबी काढून टाकल्यावर तोच तक्ता विंडोज दुसऱ्या मापाने वाचते. फुटांत काढलेला घराचा नकाशा गवंड्याने मीटर समजून वाचावा, तसा हा प्रकार आहे. घर जागेवरच असते, पण दार सापडत नाही. याशिवाय काही डब्या मजकूर सांकेतिक रूपातच डिस्कवर लिहितात, आणि मग ती डिस्क त्या डबीवाचून उघडतच नाही. म्हणून रिकामी डबी कधीही टाकून देऊ नये, विशेषतः आपल्यासारख्याने.

‘इनिशियलाइज’ केल्याने फायलींचा मजकूर लगेच पुसला जात नाही. जुन्या तक्त्याच्या जागी नवा, कोरा तक्ता लिहिला जातो. त्यानंतर विंडोज फॉरमॅट करायला सांगते, आणि खरे नुकसान तेथे सुरू होते. माझ्या परिचयातील एका घरी असेच घडले. दुरुस्तीच्या प्रोग्रॅमने गाणी परत मिळाली, पण फायलींची नावे आणि फोल्डर गेले, आणि शेकडो आवाजांमधून कोणत्या बैठकीत कोण गायले हे ओळखण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांना महिनोन्‌महिने कानाला हेडफोन लावून बसावे लागले. आपल्या वडिलांनी कॅसेटच्या खोक्यांवर लिहिलेल्या तारखा आपण फायलींच्या नावांत उतरवल्या असतील, तर त्या नावांचे मोल मला ध्वनिमुद्रणाइतकेच वाटते.

यापुढची वाट अशी. कार्डाला एक नवी, पूर्ण रिकामी डिस्क जोडा आणि केवळ तिलाच ‘इनिशियलाइज’ करा. तेव्हा जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचा तक्ता, हा पर्याय निवडा, कारण 4 टेराबाइटच्या डिस्कवर एमबीआर घेतल्यास जवळजवळ निम्मी जागा वाया जाईल. सूचनेत डिस्कचा क्रमांक आणि आकार दिलेला असतो, तो दोनदा वाचा. शक्यतो त्या वेळी जुनी डिस्क जोडलेलीच नसावी. मग डबीतून यूएसबीने नकला करून घ्या, दोन्हीकडील फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहा, आणि निरनिराळ्या वर्षांतील काही ध्वनिमुद्रणे शेवटपर्यंत ऐका. आणखी एक नक्कल निराळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय जुनी डिस्क रिकामी करण्याचा विचारही करू नका.

आता कार्ड बसवण्याविषयी. संगणक बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे, तार काढावी आणि समोरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला प्रवाह निघून जातो. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर विद्युत सहज साठते. तेव्हा कार्ड हातात घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा आणि कार्ड कडांनी धरावे, सोनेरी पट्ट्यांना बोट लागू देऊ नये. स्लॉटमध्ये ते सरळ खाली दाबावे आणि सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच दिसेनाशी झाली आहे ना, हे वाकून पाहावे. पुष्कळांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट यानंतरची : मागच्या पत्र्याचा स्क्रू आवळताना कार्डाचे आतले टोक किंचित उचलले जाते, आणि मग डिस्का कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. म्हणून स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा पाहावे.

वेगाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगून ठेवतो. चार पोर्टांची पुष्कळशी स्वस्त कार्डे पीसीआय एक्सप्रेस 2.0 च्या एकाच मार्गिकेवर चालतात, आणि तिची कमाल क्षमता सेकंदाला 500 मेगाबाइट आहे. एका वेळी एकच डिस्क वापरली तर फरक जाणवणार नाही, कारण आजच्या हार्ड डिस्कचा वेग साधारण 200 च्या आसपास असतो. चारही एकदम चालल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला फार तर सव्वाशे येतील. विंडोज असलेली एसएसडी मात्र मदरबोर्डच्याच पोर्टवर राहू द्या. काही कार्डांवरून संगणक सुरू होतो, काहींवरून होत नाही, आणि त्या खटाटोपातून आपल्याला मिळायचे काही नाही.

वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष करू नका. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना 12 व्होल्टच्या तारेवरून सुमारे 2 अँपिअर घेते, त्यामुळे एकाच तारेला जोड देत देत चार डिस्का लावणे योग्य नाही. ज्या साटा अडॅप्टरच्या तारा प्लास्टिकच्या एकसंध ठोकळ्यात ओतलेल्या असतात, ते वापरू नयेत. आत शॉर्ट होऊन ते पेटल्याच्या घटना घडल्या आहेत.

प्रश्न : आर. एन. टी. मार्गावरील एका दुकानात सर्व्हरमधून काढलेले एलएसआय 9211-8आय हे कार्ड स्वस्तात मिळत आहे. घरच्या संगणकात आठ डिस्का लावण्यासाठी ते घ्यावे का? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कार्ड चांगले आहे आणि साध्या साटा डिस्का त्यावर चालतात. मात्र त्यातील फर्मवेअर, म्हणजे कार्डातच भरलेला प्रोग्रॅम, ‘आयटी’ प्रकारचे आहे ना, हे विचारून घ्या. त्या फर्मवेअरमध्ये कार्ड मध्ये लुडबुड न करता प्रत्येक डिस्क जशीच्या तशी संगणकाला दाखवते. रेडसाठीचे, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून एकीसारख्या वापरण्यासाठीचे, आयआर फर्मवेअर असेल तर ते बदलता येते, पण ते काम नवख्याने पहिल्याच दिवशी करण्यासारखे नाही. केबल घेताना दिशा सांगावी लागते : कार्डावरच्या एका मोठ्या जोडणीतून चार डिस्कांकडे जाणारी केबल हवी, उलट दिशेची केबल हुबेहूब तशीच दिसते आणि चालत नाही. सर्व्हरमधील जोरदार हवेच्या हिशेबाने हे कार्ड बनवलेले असल्यामुळे घरच्या कॅबिनेटमध्ये त्याच्या उष्णतावाहक पत्र्यावर छोटा पंखा लावणे मला आवश्यक वाटते.

प्रश्न : माझ्या कार्डाच्या खोक्यावर ‘रेड’ लिहिले आहे. फोटो असलेल्या दोन डिस्का जोडून रेड 1 केले तर वेगळ्या बॅकअपची गरज उरणार नाही ना? — एक वाचक, पलासिया, इंदूर

उत्तर : उरेल. रेड 1 मध्ये एकच मजकूर दोन्ही डिस्कांवर एकाच वेळी लिहिला जातो, म्हणून एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. परंतु चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो. शिवाय भरलेल्या डिस्कांवर कार्डाच्या मेनूतून रेड तयार करताना त्यांवरचा मजकूर जाऊ शकतो. दोन्ही डिस्का साध्याच ठेवा, एकीवर काम करा, आणि दुसरीवर आठवड्यातून एकदा नक्कल करून ती सोडवून कपाटात ठेवा.