आधी कामांची यादी, मग माणूस

छोट्या धंद्यात ऑफिसच्या कामाला पूर्णवेळ माणूस ठेवायची घाई नको. आधी दोन आठवडे रोजची कामं वहीत लिहून काढा. मेलला उत्तरं, बिलं, उधारीची आठवण असं लॅपटॉपवर उरकणारं असेल, तर तासांवर काम करणारी व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे लांबून ऑनलाइन काम करणारी मदतनीस, पुरते. कुरिअरवाल्याला पार्सल देणं, चेक भरणं याला मात्र जागेवर माणूसच हवा.

नवखे हमखास इथे चुकतात:

- फक्त पगार धरतात. टेबल, लॅपटॉप, रजा, दिवाळीचा बोनस कोण मोजणार?
- ‘जरा बघा ना’ म्हणून मोकळे होतात. काय, कधीपर्यंत, कुठल्या शीटमध्ये, लिहूनच द्या.
- बँकेचा ओटीपी सांगतात. कुणालाच नाही, अगदी भाच्यालाही नाही!

ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) साधारण 10 माणसांपासून लागू होतो, पीएफ 20 पासून. ते आत्ता बाजूला ठेवा.