बलाढ्य ग्रँडमास्टर पंधरा चालींत बरोबरी का मान्य करतो?

प्रश्न: बुद्धिबळात २७०० रेटिंगचा ग्रँडमास्टर २५०० रेटिंगच्या ग्रँडमास्टरशी १४-१५ चालींत बरोबरी करून उठतो. यात त्याचंच नुकसान नाही का?

उत्तर: नुकसान आहेच. रेटिंगमध्ये २०० गुणांचा फरक असेल तर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या तक्त्यानुसार वरच्या खेळाडूकडून एका डावात ०.७६ गुणाची अपेक्षा असते (विजयाला १, बरोबरीला अर्धा गुण). या पातळीवर के-गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती बदलेल ते ठरवणारा आकडा, १० असतो. त्यामुळे बरोबरी झाली की २.६ रेटिंग गुण जातात, जिंकला तर २.४ मिळतात आणि हरला तर ७.६ जातात. विजय आणि बरोबरी यांत पाच गुणांचं अंतर, बरोबरी आणि पराभव यांतही पाचच. म्हणजे समोरच्या स्थितीत जिंकण्याची शक्यता हरण्यापेक्षा थोडी जरी जास्त असेल, तरी रेटिंगच्या हिशेबाने खेळत राहणंच फायद्याचं.

पण ०.७६ हा आकडा डाव सुरू होण्याआधीचा. पंधराव्या चालीपर्यंत वजीर पटावरून गेले आणि दोन्ही बाजूंची प्यादी सारखीच उरली, की ही अपेक्षा अर्ध्या गुणाच्या जवळ येते. त्यात काळी मोहरी असतील, त्याच दिवशी दुसरी फेरी असेल, तर दमून चूक करण्यापेक्षा अर्धा गुण बरा वाटतो. शेवटच्या फेरीत तर रेटिंग बाजूलाच राहतं. अर्ध्या गुणाने आघाडीवर असलेल्याला बरोबरीने किमान संयुक्त पहिला क्रमांक नक्की मिळतो. हरला तर बक्षिसाचा मोठा भाग जातो. हे समजण्यासारखं आहे. मात्र पांढरी मोहरी, २०० गुण वरचढ, स्पर्धेची मधली फेरी आणि तरी पंधराव्या चालीला बरोबरीचा प्रस्ताव, याचं समर्थन आम्ही करणार नाही. तिथे तो स्वतःचीच संधी सोडतो.

प्रश्न: बर्लिन बचाव या काळ्याच्या ओपनिंगमधली ती ठरलेली बरोबरी नेमकी कशी होते? वरचढ खेळाडूला ती टाळता येत नाही का?

उत्तर: चाली अशा (घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, व म्हणजे वजीर, × म्हणजे मारणं; नुसतं घर लिहिलं असेल तर प्याद्याची चाल): १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-बी५ घो-एफ६ ४. कॅसलिंग घो×ई४ ५. डी४ घो-डी६ ६. डी×ई५ घो×बी५ ७. ए४ घोबी-डी४ ८. घो×डी४ घो×डी४ ९. व×डी४ डी५ १०. ई×डी६ एन पासां (प्याद्याने प्याद्याला जाता जाता मारणं), व×डी६. आता ११. व-ई४ शह, काळा वजीर ई६ला आडवा येतो. १२. व-डी४, आणि काळ्याचा वजीर परत डी६ला.

तो परत का येतो, ते नीट पाहा. काळा राजा अजून ई८वर आहे आणि वजीर त्याच स्तंभात ई६वर. पांढऱ्याचा हत्ती ई१ला आला की वजीर अडकलाच. म्हणून वजीर तिथून हलायला हवा, आणि डी६ला आल्यावर तो पांढऱ्या वजिराला समोरासमोर भिडतो. पांढऱ्याने वजीर बदलले तर काळ्याला दोन उंटांसह आरामाचा शेवट मिळतो. म्हणून तो पुन्हा शह देतो. काळ्याच्या चौदाव्या चालीनंतर तीच स्थिती तिसऱ्यांदा येते, आणि या तिहेरी पुनरावृत्तीवर बरोबरीचा दावा करता येतो.

इथे दोर पांढऱ्याच्या हाती असतो. जिंकायचं असेल तर सहाव्या चालीला डी×ई५ऐवजी उं×सी६ खेळावं, किंवा आधीच, चौथ्या चालीला डी३. अडचण काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या वरचढ खेळाडूची: त्याने बर्लिन निवडला की कमी रेटिंगवाला पांढरा सरळ या रस्त्याने नेतो. त्याने ई४ला सिसिलियन बचावाने (सी५) उत्तर द्यावं. तिथेही सावध राहावं. नायडॉर्फ या सिसिलियनच्या प्रकारात ६. उं-ई३ घो-जी४ ७. उं-सी१ घो-एफ६ असं दोघांनी चालवलं तर नवव्या चालीतच तिहेरी पुनरावृत्ती होते. सहाव्या चालीला काळ्याने ई५ खेळलं की तो प्रश्न मिटतो.

प्रश्न: काही स्पर्धांत ठरावीक चालींआधी बरोबरी मागायला बंदी असते. तरी अशा बरोबऱ्या होतातच. मग बंदीचा उपयोग काय?

उत्तर: बंदी तोंडी प्रस्तावावर असते. २००५ साली बल्गेरियातल्या सोफियाच्या एमटेल मास्टर्स स्पर्धेत परस्पर बरोबरी बंद केली गेली, म्हणून ‘सोफिया नियम’ हे नाव पडलं. जगज्जेतेपदाच्या लढतीत २०१८ला ३० चालींची, तर २०२१ला ४० चालींची अट होती. पण तिहेरी पुनरावृत्तीचा दावा हा नियमांनी दिलेला हक्क आहे, त्याला ही अट आड येत नाही. बर्लिनची वर दिलेली वाट त्यामुळेच इतकी वापरली जाते.

गुणपद्धत बदलणं जास्त परिणामकारक. स्पेनमधल्या बिलबाओच्या स्पर्धेत २००८ साली विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण ठेवला. नॉर्वे चेस स्पर्धेत बरोबरीनंतर लगेच आर्मागेडन डाव (बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरणारा जलद डाव) खेळावा लागतो, त्यामुळे लवकर उठून जाण्यात फायदा उरत नाही. आधीच ठरवून केलेली बरोबरी हा वेगळा गुन्हा. २०२३च्या जागतिक ब्लिट्झ (अतिजलद डावांच्या) स्पर्धेत, समरकंदला, दुबोव आणि नेपोम्निआच्ची या रशियन ग्रँडमास्टरांनी घोडेच इकडून तिकडे नाचवले. पंचांनी दोघांनाही शून्य दिलं.

प्रश्न: बरोबरी मागताना किंवा पुनरावृत्तीचा दावा करताना खेळाडू कुठे चुकतात?

उत्तर: क्रमात. प्रस्तावासाठी आधी पटावर चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा. प्रस्ताव मागे घेता येत नाही. प्रतिस्पर्ध्याने नकार दिला किंवा चालीसाठी मोहऱ्याला हात लावला की तो संपतो. दोघांनीही गुणपत्रिकेवर (=) अशी नोंद करायची असते. वारंवार विचारणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्रास देणं, आणि पंच त्याबद्दल शिक्षा करू शकतात.

दाव्यात उलटं आहे. तुमच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल फक्त लिहा, पटावर करू नका, आणि पंचांना बोलवा. चाल करून टाकली की त्या वेळचा हक्क गेला. दावा चुकीचा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. पाचव्यांदा तीच स्थिती आली तर कोणी दावा न करताही डाव बरोबरीत संपतो.