सव्विसाव्या आठवड्यात शुगर निघाली, बाळाच्या मेंदूचं काय?

ताई, तुम्ही विक्रोळीहून लिहिलंय. सव्विसावा आठवडा चालू आहे, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी शुगर १५८ आली. त्यातच कुठेतरी वाचलंत की आईच्या साखरेने बाळाच्या मूलपेशी (ज्यांच्यापासून पुढे निरनिराळ्या पेशी घडतात त्या) मरतात, चेतापेशी म्हणजे मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत. तेव्हापासून झोप उडाली आहे आणि 'नुकसान होऊन गेलं का?' असं विचारताय. परळच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या गर्भातल्या या पेशींवर मी बरीच वर्षं काम केलंय. तुम्ही वाचलंत ते संशोधन खरं आहे. पण ते कोणाला, कधी लागू होतं, हे कोणी नीट सांगत नाही, आणि सगळा घोर तिथूनच सुरू होतो.

आधी वेळेचं बघू. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मणका घडतो, ती मज्जानलिका गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. आईला आधीपासून मधुमेह असेल आणि त्या दिवसांत साखर खूप वाढलेली असेल, तर ती गर्भाच्या पेशींत भरमसाट शिरते आणि पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या अपायकारक रेणूंचा मारा, येतो. पॅक्स-३ नावाचं एक जनुक आहे, नळी मिटेपर्यंत या पेशींना जगवणारं. ताणामुळे ते दबतं, मग पी-५३ हे प्रथिन पेशींना मरायला लावतं आणि नळी कुठेतरी उघडी राहते. उंदरांमध्ये ही साखळी पायरी पायरीने दाखवलेली आहे. तुम्हीच लिहिलंय की तिसऱ्या महिन्यात तुमचं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ५.४ होतं आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मणका व्यवस्थित दिसला. म्हणजे तो टप्पा तुमच्या बाळाने साखर ठीक असतानाच पार केला.

आता मात्रेचं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत या चेता-मूलपेशी, म्हणजे चेतापेशी घडवणाऱ्या मूलपेशी, सुट्या करून सोडल्या की काही दिवसांत त्यांचे तरंगणारे गोळे तयार होतात, रव्याच्या कणाहूनही बारीक. जास्त साखरेच्या द्रावात गोळे लहान राहतात. पेशींचं विभाजन मंदावतं आणि कोणती पेशी पुढे काय होणार याचा क्रम बिघडतो. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या रासायनिक खुणाही बदलतात. पण 'जास्त साखर' म्हणजे किती? अशा प्रयोगांत साधारणपणे डेसिलिटरला ४५० मिलिग्रॅम, कधी त्याहूनही जास्त, आणि तीही दिवसरात्र. तुमचं १५८ हे ग्लुकोज प्यायल्यानंतरचं होतं. त्या आकड्याशेजारी हा ठेवून घाबरू नका.

नाळेतल्या मूलपेशींबद्दलही तुम्ही वाचलंय. गरोदरपणात शुगर झालेल्या आयांच्या नाळेतल्या पेशी बशीत हळू वाढतात आणि लवकर थकतात, हे खरं. पण त्या मेंदूच्या पेशी नव्हेत.

मग आता काही करायला नको का? करायला हवं, आणि तेही मनापासून. मेंदूच्या बाह्यस्तरातल्या बहुतेक चेतापेशी एव्हाना तयार झाल्या असल्या तरी त्यांची आपापसातली जोडणी अजून बरीच व्हायची आहे. डेन्मार्कच्या पेडरसन यांनी १९५२ मध्ये मांडलेला विचार आजही टिकून आहे: आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं. त्याने बाळ नुसतं जाड होत नाही, त्याला ऑक्सिजनही जास्त लागतो. तो कमी पडला की शरीर तांबड्या पेशी वाढवतं, आणि त्यांच्यासाठी लोह आधी यकृतातून आणि फार ताण आला तर मेंदूच्या वाट्यातून खर्ची पडतं. आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला ही टंचाई लवकर जाणवते. मधुमेही आयांच्या नवजात बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून, त्यांना आईचा आणि परक्या बाईचा आवाज ऐकवून तपासलं, तेव्हा आवाज ओळखताना मेंदूत उठणाऱ्या लहरींत फरक दिसला. असा परिणाम मुख्यतः साखर बराच काळ हाताबाहेर राहिली तर होतो. तुम्हाला ती आटोक्यात ठेवायला अजून तीन महिने आहेत.

उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, हे सर्वसाधारण लक्ष्य. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. सकाळी नुसता चहा पिऊन लोकल पकडायची आणि अकराला ऑफिसात भरपेट पोहे खायचे, हे आता नको. घरून थोडं खाऊन निघा, डबा दोन भागांत न्या, भाताबरोबर उसळ किंवा अंडं असू द्या, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. साखर उतरावी म्हणून उपाशी मात्र अजिबात राहू नका. एवढ्याने जमलं नाही आणि इन्सुलिन सुचवलं, तर निःशंक घ्या. लोहाची गोळी चुकवू नका, ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासायचं का, हेही विचारा.

प्रसूतीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना शुगरचं आधीच सांगून ठेवा. नाळ कापल्यावर तुमची साखर थांबते, बाळाचं इन्सुलिन मात्र काही काळ चढंच राहतं, म्हणून त्याची साखर एकदम उतरू शकते. टाचेला टोचून ती तपासतील, तेव्हा दचकू नका. पहिल्या तासातच अंगावर पाजायला घ्या. सहा आठवड्यांनी तुमची ग्लुकोज तपासणी पुन्हा करा. बाळाच्या लसीकरणाच्या गडबडीत हीच राहून जाते. आणि दुसऱ्या बाळाचा विचार कराल तेव्हा दिवस जायच्या आधीच साखर बघा आणि फॉलिक ॲसिड सुरू करा, कारण ते २८ दिवस तेव्हा पुन्हा येणार आहेत.